प्रतवारी नाडीवर व्हावी, कपड्यावर नको



या आठवड्यात वाटाण्यावरची भुरी आणि बाजारभाव यावर लिहायचं होतं. ते पुढच्या नोंदीत. आज कॅज्युअल्टीबद्दल लिहितोय, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागाबद्दल. तिथं आपल्यासारख्या माणसाला कसं वागवतात आणि कायदा काय सांगतो, याबद्दल. आपण रात्री-अपरात्री माल घेऊन पुण्याला जातो, औषधं फवारतो, विहिरीत उतरतो, मोटारीच्या पेटीला हात घालतो. ती पायरी आपल्यापैकी कुणालाही चढावी लागते. तेव्हा जरा सवडीनं वाचा.

कॅज्युअल्टीत एकाच वेळी दहा जण आले तर आधी कुणाला बघायचं? हे ठरवायच्या पद्धतीला डॉक्टर लोक ट्रायेज म्हणतात. शब्द मुळात आपल्याच धंद्यातला आहे. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ निवडणं, वेगळं काढणं. पूर्वी लोकरीच्या आणि कॉफीच्या बियांच्या प्रतवारीला हाच शब्द वापरायचे. लढाईतल्या जखमींसाठी आणि दवाखान्यासाठी तो पुढं आला. नेपोलियनच्या सैन्यात लॅरे नावाचा सर्जन होता. त्यानं रीत पाडली की जखम किती गंभीर आहे ते बघायचं, जखमी माणसाचा हुद्दा बघायचा नाही. या गोष्टीला दोनशे वर्षं होऊन गेली.

प्रतवारी काय असते ते मार्केट यार्डात जाणाऱ्याला शिकवायला नको. तरकारी विभागात मुरलेला खरेदीदार गोणीच्या तोंडाशी दिसणाऱ्या शेंगांवर कधीच भाव करत नाही. कोपरापर्यंत हात घालतो, तळातल्या चार शेंगा काढतो, फोडतो, दाणा बघतो, मग बोलतो. गोणी मळकी आहे म्हणून माल हलका धरणारा खरेदीदार त्या गाळ्यावर फार दिवस टिकत नाही. कॅज्युअल्टीच्या दारात मात्र बऱ्याचदा गोणी बघूनच भाव ठरतो. आत हात कुणी घालत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी श्रावणात वाटाणा घेऊन यार्डात गेलो होतो. पहाटे साडेतीनची वेळ, वर पावसाची भुरभुर. गाडी लावताना मागच्या ट्रकचा पिकअपला धक्का बसला आणि फाळक्याजवळ उभा असलेला मी पाठीवर काँक्रीटवर पडलो. डोकं आपटलं. उठलो तर तोल जाईना सावरता, जीभ जड झाली, दोनदा उलटी झाली. गाळ्यावरचे एक हमाल दादा, मूळ बीड जिल्ह्यातले. त्यांनी डोक्यावरचा रुमाल माझ्या जखमेला बांधला, रिक्षा केली आणि जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. माझं भांडण एका पाटीशी नाही.

दारात सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "दारू पिलाय का?"

हमाल दादा म्हणाले, "नाही साहेब, गाडीवरून पडलेत. डोक्याला मार आहे."

"तू कोण यांचा?"

"यार्डात हमाल आहे."

"मग नातेवाईक बोलव. आणि काउंटरला वीस हजार भरायला सांग."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून वेळ पक्की सांगतो. मला बाकड्यावर बसवलं. अंगावर चिखल, पायात रबरी बूट, तोंडाला उलटीचा वास. थोड्या वेळानं एक तरुण आला, गाडीवरून घसरलेला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कोपर खरचटलेलं. त्याला "सर, या बसा" झालं, लगेच आत नेलं. त्या पोराचा काहीच दोष नाही. त्यालाही लागलं होतं, त्यालाही वेळेवर बघायलाच हवं होतं. पण डोक्याला मार लागून उलट्या करणारा माणूस बाहेर आणि कोपर खरचटलेला आत, ही प्रतवारी कुठल्या पुस्तकात बसते?

सहाला वीस कमी असताना आमच्या आडत्यांचे दिवाणजी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल, खिशात कार्ड. पैसे भरले गेले. त्यानंतर दहा मिनिटांत डॉक्टर आले. डॉक्टर माणूस चांगला होता. डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि चेहराच बदलला. "यांना आधी आत का नाही आणलं?" असं सिस्टरवर ओरडले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूजवळ थोडा रक्तस्राव निघाला. आयसीयूत खाट शिल्लक नव्हती, म्हणून १०८ नं सरकारी दवाखान्यात हलवलं. तिथं गर्दी एवढी की खाटेच्या शेजारी जमिनीवरही रुग्ण. पण पहिला प्रश्न आला तो असा : "कसे पडलात? उलटी किती वेळा झाली?" पैशाचं विचारलं नाही, आणि सोबत आलेल्या हमाल दादांना 'तुम्ही' म्हणून विचारलं.

रक्तस्राव वाढला नाही, ऑपरेशन टळलं. डाव्या कानाला आता कमी ऐकू येतं. ते पडल्यामुळं आहे, उशिरामुळं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्यामुळं कानाचं बिल मी कुणावर फाडत नाही. माझं म्हणणं त्या एक तास चाळीस मिनिटांबद्दल आहे. तो रक्तस्राव वाढत असता तर तेवढ्यात खेळ संपला असता.

आणि खरी मेख पुढं आहे. घरी आल्यावर कागद बघितले. खाजगी दवाखान्याच्या केसपेपरवर माझी येण्याची वेळ होती ५.४५. म्हणजे पैसे भरले तेव्हा मी 'आलो'. त्याआधी बाकड्यावर जो माणूस बसला होता, तो कागदावर कुठंच नाही.

इथं मला यार्डाचं गेट आठवतं. तिथं गाडी आत शिरली की आवक नोंदली जाते. मग गाळा, बोली, वजन, आणि शेवटी हातात पट्टी. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं मांडलेलं असतं. कमी-जास्त झालं तर भांडायला कागद असतो. शंभर किलो वाटाण्याची नोंद गेटपासून सुरू होते आणि माणसाची नोंद पैसे भरल्यापासून, हे मला पटत नाही. कॅज्युअल्टीतला भेदभाव टिकतो तो याच जोरावर, कारण ताटकळवलेला वेळ कुठंच लिहिलेला नसतो. चौकशी झालीच तर कागद सांगतो की रुग्ण आला आणि पाच मिनिटांत तपासला.

आता कायद्याकडं येऊ. तातडीच्या उपचाराचा सगळ्यात मोठा निकाल या देशात मिळवला तो एका शेतमजुरानं. ८ जुलै १९९२ ला पश्चिम बंगालमध्ये मथुरापूर स्टेशनवर हा माणूस रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, मग कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांत. कुठं खाट नाही, कुठं सोय नाही. शेवटी खाजगी दवाखान्यात भरती करावं लागलं आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजूर समिती, सुप्रीम कोर्टात गेली. ६ मे १९९६ ला निकाल लागला. वेळेवर तातडीचा उपचार न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि सरकारनं पैसे नाहीत ही सबब सांगायची नाही, असं कोर्टानं म्हटलं. २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. त्याच्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात कोर्टानं सांगितलंच होतं की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

म्हणजे नियम जुना आहे. अडचण आहे ती दारात तो पाळण्याची.

पुण्यानं ते नुकतंच बघितलंय. मार्च २०२५ च्या शेवटी एका गरोदर महिलेला दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात नेलं होतं, पोटात जुळी. दहा लाख रुपये डिपॉझिट मागितलं आणि त्यात वेळ गेला, असा कुटुंबाचा आरोप. रुग्णालयानं आरोप नाकारला, चौकशा झाल्या. दुसऱ्या दवाखान्यात जुळ्या मुली झाल्या आणि ती माऊली गेली. दोष कुणाचा, किती, ते ठरवणारा मी कोण? पण शहरात संताप उसळल्यावर रुग्णालयानं जाहीर केलं की तातडीच्या रुग्णाकडून यापुढं डिपॉझिट घेणार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की त्या कुटुंबाची सत्तेच्या जवळ ओळख होती, तरी ही वेळ आली. पिकअपमधून उतरलेल्या माणसाची ओळख कुठवर पोचणार?

शिवाय ती घोषणा काही मेहेरबानी नव्हती. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक लागू आहे आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजनाही आहे. त्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. तातडीचा रुग्ण आला तर ताबडतोब भरती करायचं, जीव वाचवायचे उपचार द्यायचे, डिपॉझिट मागायचं नाही, आणि तब्येत स्थिरावल्यावर गरज असेल तर सरकारी दवाखान्यात पोचवायची सोयही त्यांनीच करायची. पुण्यातले कितीतरी मोठे दवाखाने धर्मादाय म्हणून नोंदलेले आहेत. पाटीवर 'ट्रस्ट' वाचलं की हे आठवायचं.

सरकारी दवाखान्यात सगळं गोड आहे असंही समजू नका. जुलै २०२४ मध्ये ससूनमधल्या एका बेवारस रुग्णाला डॉक्टरनंच रात्री बाहेर नेऊन रस्त्याकडेला सोडल्याचं उघड झालं. डॉक्टर निलंबित झाला. ज्याच्यामागं विचारायला कुणी नाही, त्याची प्रत सगळ्यात खालची. खाजगीत खिसा बघतात, सरकारीत मागं माणूस कोण आहे ते बघतात. अपवाद दोन्हीकडं आहेत. पण फटका बसतो तो हमाल, ऊसतोड मजूर, परप्रांतातून आलेला गडी, एकटी म्हातारी यांनाच.

आपल्या कृषी सहायक आणि विद्यापीठातल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम मांडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा झालेला माणूस कसा दिसतो? घाम, लाळ, उलटी, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, बोलणं अडखळतं, तोल जातो. दारातल्या माणसाला तो प्यालेला वाटतो, नाहीतर 'यानं स्वतःच औषध घेतलं' असं गृहीत धरलं जातं. मग उपचाराआधी चौकशी सुरू. या बाधेवर अॅट्रोपिनसारखी औषधं आहेत, पण ती वेळेत मिळाली तर. म्हणून मेळाव्यात डोस आणि नोझल सांगता तसं हेही सांगा : माणसासोबत बाटली किंवा निदान माहितीपत्रक न्यायचं. त्यावर विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो. आणि दारातच स्पष्ट शब्दांत सांगायचं, "फवारणीची विषबाधा आहे, औषध हे, फवारणी इतक्या वाजता केली." असा कागद हातात असला की कपड्यावरून अंदाज बांधायला जागा कमी राहते.

आता डॉक्टरांची बाजू. ती न मांडता लिहिलं तर नोंद लंगडी होईल. सरकारी कॅज्युअल्टीत शिकाऊ डॉक्टर चोवीस चोवीस तास उभे असतात. नातेवाईक अंगावर धावून जातात. त्यासाठी राज्यात २०१० चा कायदा आहे, तरी मारहाणी थांबलेल्या नाहीत. लहान खाजगी दवाखानेवाले म्हणतात की तातडीचा उपचार फुकट करा म्हणता, पण पैसे देणार कोण? प्रश्न खरा आहे. राजस्थाननं मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, त्यात पैसे आधी न मागता तातडीचा उपचार आणि खर्चाची भरपाई सरकारकडून, अशी तरतूद ठेवली. त्यावर तिथल्या डॉक्टरांनी मोठं आंदोलन केलं, कारण भरपाई वेळेवर मिळेल यावर त्यांचा भरवसा नव्हता. सरकारी पैसा कधी येतो हे अनुदानाची वाट बघणाऱ्या आपल्याला डॉक्टरांनी सांगायची गरज नाही. तरी महाराष्ट्रानं असा कायदा करावा, आणि भरपाईची मुदत कायद्यातच लिहावी, असं माझं मत आहे. मात्र पैसे नंतर कोण देणार हा वाद दवाखान्यानं सरकारशी घालावा. रक्त वाहणाऱ्या माणसाला मध्ये धरून घालू नये.

माणसाला 'तू' न म्हणायला, डोळ्यात बॅटरी मारायला आणि घड्याळाकडं बघून वेळ लिहायला तर एक रुपयाही लागत नाही.

आता आपण करायचं काय? माझ्या मते एवढं :

१. दवाखान्यात शिरताच वेळ लिहून मागा. "आलेली वेळ केसपेपरवर टाका." नाही टाकली तर सोबतच्या माणसानं दाराचा, घड्याळाचा फोटो काढावा. हीच आपली आवक नोंद.

२. डिपॉझिट मागितलं तर आवाज न चढवता म्हणा, "तातडीचा रुग्ण आहे, आधी तपासा. आणि तपासणार नसाल तर तसं लिहून द्या." लिहून देणारा सहसा सापडत नाही.

३. दवाखान्यात दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांप्रमाणं बंधनकारक आहे. तिच्यासमोर उभं राहून बोला. तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं, आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडंही करता येते.

४. रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजना ज्या दवाखान्यात आहे तिथं आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा.

५. दिवे घाटात किंवा कुठल्याही रस्त्यावर वाहनाचा अपघात झाला तर मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे : सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोकड न भरता उपचार. अपघातग्रस्ताला पोचवणाऱ्यावर नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही, हेही कायद्यात आहे. तेव्हा मदत करायला घाबरू नका.

६. डॉक्टरवर हात उचलायचा नाही. एक थप्पड मारली की आपली शंभर टक्के खरी तक्रारही गेली.

आणि बाजार समितीकडं एक मागणी. यार्ड जागं असतं रात्री दोन ते सकाळपर्यंत. पाठीवर ओझं घेऊन ओल्या फरशीवर पळणारे हमाल, झोप न झालेले ड्रायव्हर, वजन उचलणाऱ्या बाया, सगळे त्याच वेळात. तेव्हा त्याच वेळात प्रशिक्षित माणूस, स्ट्रेचर आणि उभी रुग्णवाहिका यार्डात हवी. सोबत एक छापील चिठ्ठी हवी : काय झालं, किती वाजता झालं, शुद्ध होती का, उलटी झाली का. खाली समितीचा शिक्का. सेस आपल्या मालाच्या उलाढालीवर गोळा होतो, त्यातून एवढं होण्यासारखं आहे. शिक्क्याची चिठ्ठी हातात असलेल्या हमालाला "तू कोण?" विचारणं जरा जड जाईल.

असं काही होत नसतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एकच आठवण. फळभाजीची आडत पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. ती कधी बदलणार नाही असंच सगळे म्हणायचे. २०१६ मध्ये ती खरेदीदाराकडं गेली, कारण लोक पट्टी दाखवून बोलत राहिले. कॅज्युअल्टीच्या बाबतीत आपल्या हातात अजून पट्टीच नाही. ती मागण्यापासून सुरुवात करू. पुढच्या ग्रामसभेत आणि गटाच्या बैठकीत हा विषय घ्या, बाजार समितीला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी तयार करतोय.

भुरीचं पुढच्या नोंदीत. तोवर पाऊस उघडला की गंधकाची फवारणी उरकून घ्या, आणि हातमोजे, मास्क घालूनच.